जेऊर ते इंडियानापोलिस : इंजिनांच्या मागावर

करमाळा तालुक्याला रेल्वे मिळाली ती जेऊरच्या रूपानं. तालुक्याच्या गावाला रूळ नाहीत. करमाळ्याचा पाहुणा जेऊरला उतरतो आणि पुढे एसटी धरतो. दौंडहून निघालेली गाडी भिगवण, जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे करत इथे येते आणि केमवरून कुर्डूवाडीकडे जाते. उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं, भीमेचं पाणी मागे फुगत आमच्या शिवारांना येऊन भिडलं आणि ज्वारीचा हा मुलूख ऊस-केळीचा झाला. शेजारच्या कंदरची केळी आज आखाती देशांत जातात.

या सगळ्या उलाढालीच्या मुळाशी मला लहानपणापासून एकच वस्तू दिसत आली, ती म्हणजे इंजिन. विहिरीवर हँडल मारून सुरू करायचं एका सिलिंडरचं ऑइल इंजिन, कारखान्याच्या वाटेवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आणि फलाटावर येऊन थांबणारं रेल्वेचं डिझेल. त्या डिझेलचं नाव डब्ल्यूडीएम-२. मूळचं ते अमेरिकेचं, न्यू यॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावच्या अल्को कंपनीचं. १९६२ मध्ये पहिली इंजिनं तिथून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात ती इथेच बनू लागली. सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर आणि टर्बो. मालगाडी सुटताना ड्रायव्हरनं नॉच वाढवला की आधी काळाकुट्ट धूर उसळायचा, मग शिट्टीसारखा बारीक आवाज चढत जायचा आणि धूर विरळ व्हायचा. म्हणजे टर्बोनं वेग घेतला, हवा पुरू लागली, डिझेल पुरतं जळू लागलं. आता मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या. पण तो चढता आवाज ज्यानं ऐकलाय त्याला इंजिनाचं वेड लागल्यावाचून राहत नाही.

भाचा इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी नोकरीला आहे. ‘मामा, एकदा मे महिन्यात या,’ असं तो कित्येक दिवस म्हणत होता. मे महिन्यातच का, हे तिथे गेल्यावर कळतं. शिकागोहून मोटारीनं दक्षिणेकडे निघालं की दोन्ही हातांना मक्याची आणि सोयाबीनची सपाट रानं लागतात. टेकडी म्हणून दिसत नाही. एवढ्या सपाट मुलखात माणसांना गाड्या जोरात पळवाव्या वाटल्या यात नवल नाही.

कोलंबस हे जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. अमेरिकेत ते आधुनिक इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. एलिएल सारिनेननं बांधलेलं १९४२ चं चर्च पाहायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी लांबून येतात. पण पुण्याच्या माणसाला कोलंबस ठाऊक असतं ते कमिन्समुळे. १९६२ मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना निघाला तेव्हापासून पुणे आणि कोलंबस यांच्यात माणसांची ये-जा आहे. आज इथल्या किराणा दुकानात मराठी कानावर पडतं आणि गणपतीही बसतो.

कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या दालनात रुडॉल्फ द हाराक या कलावंतानं एक इंजिन टांगून ठेवलंय. एनटी-८५५ जातीचं, सहा सिलिंडरचं, चौदा लिटरचं. त्याचा प्रत्येक भाग सुटा करून, आपापल्या जागेपासून थोडा लांब, तारांवर अधांतरी लटकवलाय. पिस्टन, त्यावरच्या रिंगा, कनेक्टिंग रॉड, त्याखाली क्रँक. खालून वर बघत गेलं की इंजिन कसं जुळतं ते न बोलता समजतं. याच जातीची इंजिनं कोथरूडलाही बनली आणि आपल्याकडच्या खाणींतल्या डंपरांना, कारखान्यांतल्या जनरेटरना लागली. मी त्याखाली बराच वेळ मान वर करून उभा होतो. भाच्याला वाटलं, मला चक्कर आली.

या कंपनीचा कर्ता क्लेसी कमिन्स. जन्म १८८८ चा, शिक्षण शाळेपुरतंच. विल्यम अर्विन नावाच्या कोलंबसच्या बँकवाल्याचा तो मोटार-ड्रायव्हर होता आणि त्याच अर्विनच्या पैशावर १९१९ मध्ये त्यानं डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. त्याआधी, १९११ मध्ये, इंडियानापोलिसला पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली तेव्हा जिंकणाऱ्या रे हॅरूनच्या गाडीच्या मदतनिसांत हा क्लेसी होता. शर्यतीचं बीज त्याच्या मनात तिथे पडलं ते पडलंच.

डिझेल म्हणजे ट्रॅक्टर, बोट, जनरेटर. ते शर्यतीत कोण उतरवणार? क्लेसीनं उतरवलं. १९३१ मध्ये डेव्ह इव्हान्सनं त्याची डिझेल गाडी पाचशे मैल चालवली आणि मध्ये एकदाही थांबवली नाही. ना तेल भरलं, ना चाक बदललं. तेरावा क्रमांक आला, पण न थांबता पूर्ण शर्यत पार करणारी त्या ट्रॅकवरची ती पहिली गाडी. डिझेल किती कमी पितं याची यापेक्षा चांगली जाहिरात कोणाला सुचली नसती.

खरी हकिगत मात्र १९५२ ची. गाडी क्रमांक २८. आत ट्रकचं सहा सिलिंडरचं, ६.६ लिटरचं इंजिन. ते उभं बसवलं तर गाडी उंच होते, म्हणून कारागिरांनी ते जवळजवळ आडवं निजवलं आणि ड्रायव्हरला एका बाजूला, अगदी खाली बसवलं. आणि त्याला जोडला टर्बो. रेल्वेत, जहाजांत टर्बो आधीपासून होता. शर्यतीच्या या ट्रॅकवर तो त्या दिवशी पहिल्यांदा आला. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरानं एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात जादा हवा कोंबायची, एवढंच त्याचं तत्त्व. फ्रेड अगाबाशियननं पात्रता फेरीत सरासरी ताशी १३८ मैल, म्हणजे २२२ किलोमीटर वेग काढला आणि सगळ्यांच्या पुढची जागा पटकावली. डिझेल गाडीनं अव्वल जागा मिळवली ती तेव्हाच. शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांवर गाडी बाहेर पडली. टर्बोचं हवेचं तोंड खाली, पुढच्या अंगाला होतं. ट्रॅकवरचा टायरांचा झिजलेला रबर आत ओढला जाऊन ते बुजलं.

आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरचा एअर क्लीनर रोज झटकावा लागतो, नाहीतर पाचटाचा भुगा आत बसतो आणि इंजिन दम टाकतं. ज्यानं ते काम केलंय त्याला २८ नंबरचं दुखणं सांगावं लागत नाही.

कोलंबसहून इंडियानापोलिस तासाभराच्या वाटेवर आहे. शहराच्या पश्चिमेला स्पीडवे नावाचंच एक वेगळं गाव आणि त्यात हा ट्रॅक, १९०९ चा. चार वळणांचा, अडीच मैलांचा, म्हणजे साधारण चार किलोमीटरचा घेर. पाचशे मैलांसाठी दोनशे फेऱ्या. सुरुवातीला खडी-डांबर उखडून माणसं मेली, म्हणून त्याच वर्षी बत्तीस लाख विटा रचून सगळा ट्रॅक नव्यानं बांधला. पुढे वर डांबर आलं. आज फक्त सुरुवातीच्या रेषेवर वारभर रुंदीचा विटांचा पट्टा उघडा ठेवलाय आणि जिंकलेला ड्रायव्हर गुडघे टेकून त्याचं चुंबन घेतो. शर्यतीच्या दिवशी तीन लाखांहून अधिक माणसं इथे जमतात. आषाढीला पंढरपुरात शिरताना होते तशी गर्दी, फक्त इथे प्रत्येकाच्या कानात बोळे.

संग्रहालय ट्रॅकच्या आतल्या मैदानात आहे. ट्रॅकखालच्या बोगद्यातून गाडी आत जाते. नूतनीकरणानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा खुलं झालं. हॅरूनची पिवळी ‘मार्मन वास्प’ इथे आहे. तिची निमुळती शेपटी बघून नावाचा उलगडा होतो. वास्प म्हणजे गांधीलमाशी. पावणेसात तासांत पाचशे मैल, सरासरी ताशी १२० किलोमीटर. १९११ मध्ये आपल्याकडे बैलगाडी हेच वाहन असताना.

मी मात्र इंजिनं बघायला आलो होतो आणि पहिलं जे शोधलं ते ऑफेनहाउझर. इथले लोक त्याला लाडानं ‘ऑफी’ म्हणतात. अमेरिकेच्या उघड्या चाकांच्या शर्यतींतलं सगळ्यांत थोर इंजिन कोणतं, असं मला विचारलं तर मी हेच नाव घेईन. त्याची वंशावळ मोठी गंमतीची. १९१३ मध्ये फ्रान्सची प्यूजो गाडी इथे येऊन जिंकली. माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ही तिची करामत. पुढे अशीच एक प्यूजो दुरुस्तीसाठी लॉस एंजेलिसला हॅरी मिलर नावाच्या कार्ब्युरेटर बनवणाऱ्याकडे गेली. मिलरनं ती उघडली, पाहिली आणि स्वतःची इंजिनं बनवायला घेतली. त्याच्याकडे लिओ गूसेन हा नकाशे काढणारा आणि फ्रेड ऑफेनहाउझर हा लेथवर हात बसलेला कारागीर. १९२० च्या दशकात मिलरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांनी ट्रॅक गाजवला. दीड लिटरचं त्याचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन म्हणजे घड्याळजीचं काम वाटावं इतकं नाजूक आणि सुरेख. पण मंदी आली, १९३३ मध्ये मिलरचं दिवाळं निघालं आणि ऑफेनहाउझरनं साचे, नकाशे, यंत्रं घेऊन काम पुढे चालवलं. जे इंजिन त्याच्या नावानं अमर झालं ते चार सिलिंडरचं, मिलरच्या बोटीच्या इंजिनातून वाढलेलं.

स्टँडवर ठेवलेलं ऑफी मी वाकून, बाजूनं, खालून बघितलं. पहिली गोष्ट नजरेत भरते ती म्हणजे त्याला हेड नाही. म्हणजे वेगळं, बोल्ट काढून उतरवायचं हेड नाही. हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक एकाच ओतीव लोखंडात. त्यामुळे मध्ये गॅस्केट नाही आणि जे नाहीच ते उडणार कसं? आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचं हेड गॅस्केट ऐन उन्हाळ्यात उडायचं आणि केळीची बाग माना टाकायची. त्या दुखण्यावरचं औषध इथे १९३० च्या दशकात तयार होतं. त्याची किंमतही मोजावी लागायची. व्हॉल्व्ह घासायचे तर आख्खा ब्लॉक वर उचलायचा आणि सिलिंडरच्या पोकळीतून, खालच्या बाजूनं, व्हॉल्व्ह हाताळायचे. क्रँक बसतो ती पेटी पिंपासारखी बंद. क्रँक तिच्यात एका टोकाकडून सरकवायचा. त्यामुळे ती वाकत नाही, पिळवटत नाही. पुढच्या बाजूला कॅमशाफ्ट फिरवायला दात्यांची उतरंड. चेन नाही, पट्टा नाही. पोलादावर पोलाद.

सगळं जाड, सरळ आणि पुन्हा जोडता येईल असं. मोठा कारखाना लागत नव्हता. गॅरेजमध्ये दोन हुशार माणसं आणि चांगली अवजारं असली की ऑफी रात्रीत उघडून सकाळी पळवता यायचं. १९४६ मध्ये ऑफेनहाउझरनं हा धंदा लुई मायर आणि डेल ड्रेक यांना विकला. मायर स्वतः तीनदा जिंकलेला ड्रायव्हर. १९३६ मध्ये जिंकल्यावर त्यानं ताक प्यायलं, आईनं सांगितलेलं उन्हाळ्यातलं पेय म्हणून. आणि तिथूनच विजेत्यानं दूध पिण्याची इथली प्रथा सुरू झाली. ताक पिऊन जिंकणारा माणूस पुढे इंजिनांच्या धंद्यात उतरतो, हे वाचून मला तो आमच्याच भागातला वाटला.

१९४७ ते १९६४ अशी सलग अठरा वर्षं जिंकणाऱ्या गाडीत ऑफी होतं. एकूण सत्तावीस विजय, पहिला १९३५ चा, शेवटचा १९७६ चा. १९६५ मध्ये जिम क्लार्कच्या मागे इंजिन बसवलेल्या लोटस-फोर्डनं ते हरवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं. मग ऑफीवाल्यांनी इंजिन लहान केलं आणि त्याला टर्बो लावला. १९६८ मध्ये बॉबी अन्सर त्याच्यावर जिंकला. टर्बोचा हा इथला पहिला विजय. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच चार सिलिंडरचं म्हातारं इंजिन पात्रता फेरीत हजाराच्या आसपास हॉर्सपॉवर काढत होतं. गॅस्केट नसल्यामुळेच ते एवढा दाब सोसू शकलं. क्लेसी कमिन्सच्या २८ नंबरनं १९५२ मध्ये जे दाखवलं, त्याचं पीक ऑफीनं कापलं.

शेजारी नोवी नावाचं इंजिन आहे. आठ सिलिंडर, सुपरचार्जर, १९४१ ते १९६६ अशी पंचवीस वर्षं ते इथे येत राहिलं आणि एकदाही जिंकलं नाही. १९५२ मध्ये अगाबाशियनचा पात्रतेचा वेग मागे टाकला तो चेट मिलरच्या नोवीनं. पण ताकद खूप, वजन खूप, टायर टिकत नसत. १९४८ मध्ये राल्फ हेपबर्न हा जुना ड्रायव्हर नोवी चालवताना सरावात गेला. त्याच वर्षी ड्यूक नेलननं तिसरा क्रमांक आणला, तेच नोवीचं सर्वांत मोठं यश. तिचा आवाज ज्यांनी ऐकला ते आजही तिच्यासाठी हळवे होतात. मला ते समजतं, पण थोर इंजिनांच्या रांगेत मी नोवीला बसवणार नाही. शेवटपर्यंत पोचणं हा इंजिनाचा पहिला धर्म आहे. त्याच न्यायानं १९६७ ची टर्बाइन गाडीही. विमानाच्या जातीचं इंजिन, पार्नेली जोन्स सगळ्यांना मागे टाकून आरामात पुढे, आणि तीन फेऱ्या उरल्या असताना गिअरबॉक्समधलं एक बेअरिंग गेलं.

कॉसवर्थ या ब्रिटिश कंपनीचं डीएफएक्स इंजिन मात्र मानाचं. फॉर्म्युला वनमधलं तीन लिटरचं इंजिन २.६५ लिटरवर आणून त्याला टर्बो लावला आणि १९७८ ते १९८७ अशी ओळीनं दहा वर्षं पाचशे मैल त्यानं जिंकले. कॉसवर्थमधूनच बाहेर पडलेल्या मारिओ इलियन आणि पॉल मॉर्गन यांनी इल्मोर काढली. संघमालक रॉजर पेन्स्कीनं पाठबळ दिलं आणि १९८८ पासून पुढची सहा वर्षं शेव्हरलेच्या नावाचं इल्मोर इंजिन जिंकत राहिलं. या जोडीची सगळ्यांत बेरकी कामगिरी १९९४ ची. नियमात जुन्या धाटणीच्या, पुशरॉडच्या इंजिनांना जास्त घनफळ आणि जास्त टर्बो-दाब घेण्याची सवलत होती. हेतू असा की साध्या मोटारींची इंजिनं वापरणाऱ्या लहान संघांना संधी मिळावी. इल्मोरनं गुपचूप, फक्त याच एका शर्यतीसाठी, पुशरॉडचं खास इंजिन घडवलं आणि मर्सिडीजच्या नावानं उतरवलं. ताकद हजार हॉर्सपॉवरच्या घरात. पेन्स्कीच्या संघातल्या फिटिपाल्डीनं १४५ फेऱ्या आघाडी घेतली, भिंतीला धडकला, आणि अल अन्सर ज्युनियर जिंकला. नियम लगेच आवळले गेले. ते इंजिन पुन्हा कधी पळालं नाही. कारागिरी म्हणून मी त्याच्यापुढे हात जोडतो. पण एका दिवसाच्या पराक्रमाला चाळीस वर्षांच्या चाकरीची सर येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आजच्या गाड्यांत २.२ लिटरचं सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं इंजिन असतं, होंडाचं किंवा शेव्हरलेचं; २०२४ पासून त्याला बॅटरीची जोडही मिळाली आहे. संघांना ते भाड्यानं मिळतं आणि सीलबंद असतं. उघडायची परवानगी नाही. पात्रता फेरीत ताशी ३७५ किलोमीटरच्या वर वेग जातो.

भाच्यानं आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती मला गावाकडे पोचल्यावर सगळ्यांना सांगायची होती. १९६४ च्या शर्यतीत पेट्रोलच्या आगीत दोन ड्रायव्हर जळून गेले, तेव्हापासून गाड्या मिथेनॉलवर आल्या; २००७ मध्ये इथेनॉलवर. आणि २०२३ पासून त्यांच्या टाकीत जे इंधन जातं त्यातलं इथेनॉल उसाच्या टाकाऊ मालापासून केलेलं असतं. उसाचा रस साखरेला गेल्यावर जे चिपाड उरतं, त्यातल्या तंतूंपासून मद्यार्क काढायचं हे तंत्र. मळीपासून काढण्यापेक्षा कठीण आणि खर्चाचं. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. बहुतेक ठिकाणी हे चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, इथेनॉल मळीतून आणि रसातून येतं. करमाळ्याच्या शेतकऱ्याला हे इंधन परकं वाटायचं कारण नाही.

जायचं असेल तर मे महिना धरावा. शर्यत महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या आसपास असते, पण त्याआधी कित्येक दिवस सराव चालतो. सरावाचं तिकीट शर्यतीच्या मानानं खूपच स्वस्त, गर्दी कमी, आणि पहिल्या वळणाजवळ बसायला हवी ती जागा मिळते. संग्रहालयाला अर्धा दिवस तरी द्यावा. तिथून कोलंबसला जावं आणि अधांतरी टांगलेलं ते चौदा लिटरचं इंजिन खालून वर, भाग न् भाग, नीट बघावं.